यंत्राला ऐकू न आलेली पेटी

गोरखपूर, जबलपूर
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

चि. विनता,
अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या घशाला एक जास्तीचा.

सकाळपासून कानात कारखान्याचा तो जुना भोंगा वाजून राहिला. तू माझी फ्रॉकमधली धाकटी बहीण, जिन्यात बसून भोंग्याचाच सूर उचलायचीस आणि शाळेची कविता सुरू करायचीस. मी पेटीवर पट्टी शोधेपर्यंत तुझं पहिलं कडवं संपलेलं असायचं. आठवलं की आजही बोटं वळवळतात.

काल मात्र बोटं फुकट गेली. कॉम्प्युटरवर तू दिसलीस, तुझा सूर आला, बारीक पण खरा. मी डोळे मिटून सा धरून बसलो. उघडले तर तू पाटीवर लिहून दाखवत होतीस की पेटी येतच नाही, नुसती पट्ट्यांची टकटक आणि माझा खोकला येतो. तुझ्या लेकीनं, ऋचानं, माइक कॉम्प्युटरला जोडायला पाठवलेल्या त्या लाल डबीत वायर नीट खोचली आहे, डबीचा दिवाही लागतो. मग सूर जातो कुठं?

डॉक्टरांनी रविवारचं थोडं गाणं सोडून तुझं बोलणं बंद केलं म्हणून आपण पुन्हा पत्रांवर आलो, ते एक बरंच झालं. पण घशातली गाठ काढल्यावर आवाज राहील की नाही हे ते सांगत नाहीत, हे मनातून जात नाही. त्याआधी एकदा चौथीच्या पुस्तकातली नावाड्याची कविता माझ्या चालीत गायची, हा तुझा हट्ट मला आज्ञेसारखा आहे. ऑपरेशन मार्चअखेर आहे, म्हणजे वेळ आहे, असं स्वतःला समजावून राहिलो.

लोभ मागायला नको, पण सवय जात नाही.
तुझा
भय्यासाहेब

धंतोली, नागपूर
गुरुवार, ६ फेब्रुवारी

ती. भय्यासाहेब,
शिरसाष्टांग नमस्कार. वाकून नाही, डॉक्टर मान हलवू देत नाहीत.

तुमचा सूर कुठे जातो ते ऋचानं पुण्याहून सांगितलं. तुम्ही माइक लावला डबीला, आणि कॉम्प्युटर ऐकतोय त्याच्या स्वतःच्या पोटातल्या माइकनं! सेटिंगमध्ये ‘इनपुट’ लिहिलंय तिथे डबीचं नाव निवडायचं. एवढी वर्षं शाळेत मुलांना ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणून ओरडलात, आता तुम्हीच वाचत नाही.

एक विचारू का? ह्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. आवाज तारेतून कसा जातो ते त्यांच्याइतकं घरात कुणाला कळतं? पण तुमच्या अनुपमच्या लग्नात तुम्ही चार लोकांत बोललात, की जावईबापूंना सुराचं काय, त्यांना सूर आणि टेलिफोनची रिंग सारखीच. लोक हसले. हे नाही हसले. तेव्हापासून तुमचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. तुम्ही म्हणता ती थट्टा होती. असेल. मी दोघांच्या मध्ये उभी राहून थकले हो.

रविवारी बसूच.
तुमच्या मायेवर हक्क सांगणारी
विनता

नागपूर
सोमवार, १० फेब्रुवारी

ती. भय्यासाहेब यांस,
सविनय नमस्कार.

विनताच्या सांगण्यावरून लिहीत आहे. काल इनपुट बरोबर होतं. तुमचं बोलणं स्पष्ट आलं, पेटी मात्र सुरू होऊन लगेच विरून जात होती. कारण असं, की या व्हिडिओ कॉलच्या प्रोग्रॅममध्ये आजूबाजूचा गोंगाट गाळायची सोय असते. माणूस थांबत थांबत बोलतो, पंखा सलग वाजतो. जे सलग, ते यंत्र गाळतं. तुम्ही गाण्याआधी सा बराच वेळ धरता. यंत्राला तुमची पेटी पंखा वाटते. गाळणी बंद करावी. ऋचा फोनवर दाखवेल.

दुसरं, आवाज उशिरा पोचतो. डबीच्या कंपनीचाच ड्रायव्हर, म्हणजे डबी चालवणारा प्रोग्रॅम, टाकावा आणि वायफायऐवजी केबल लावावी. तरी थोडा उशीर राहीलच. म्हणून तुम्ही तिच्यासाठी थांबू नका. तुम्ही थांबता, मग ती थांबते, आणि असं दोघंही मागे मागे जाता. तुम्ही वाजवत राहा, ती जे ऐकेल त्यावर गाईल.

बाजारात कुणाकडून काही टाकून घेऊ नये.
कळावे.
अंबरीश

गोरखपूर, जबलपूर
शनिवार, १५ फेब्रुवारी

चि. विनता,
आशीर्वाद.

तुझ्या घरून आलेलं पत्र पोचलं. वडिलांची पेटी, जिच्यावर अख्खी शाळा कविता शिकली, ती पंखा! म्हणजे जावईबापूंनी लग्नातलं उट्टं काढलं. काढू द्या. पण मग सरळ लिहायचं ना, यंत्राच्या तोंडून काहून बोलायचं?

मी त्यांचं काही केलं नाही. लॅपटॉप उचलला आणि ओमतीच्या बाजारात एका दुकानात नेला. दुकानदार गोड बोलला, बाबूजी बाबूजी करत सगळे ड्रायव्हर नवीन टाकून दिले, वर म्हणाला की आता मशीन एकदम फर्राटा धावेल. घरी येऊन पाहतो, तर यादीत डबीचं नावच नाही! वायर काढली, घातली, दुसऱ्या भोकात घातली. दिवासुद्धा लागत नाही. शेजारच्या पुष्पाताईंच्या सुनेनं पाहिलं, तिलाही उमगेना. ऋचा फोनवर विचारते की स्क्रीनवर काय लिहून आलं, आणि मला ते वाचूनही कळत नाही. पेटीवर शाल घालून ठेवली आहे.

उद्याचा रविवार राहू दे. पुढच्या वेळी पाहू. वेळ आहे आपल्याकडे.
माझ्यावर रागावू नकोस, एवढाच लोभ.
भय्यासाहेब

धंतोली, नागपूर
मंगळवार, १८ फेब्रुवारी

ती. भय्यासाहेब,
नमस्कार.

वेळ नाही. काल तपासणी झाली, गाठ मागे सरकली आहे म्हणे, नसेला टेकलीय. मार्च सोडा, येत्या मंगळवारीच ऑपरेशन. आपल्याकडे एकच रविवार उरला.

म्हणून आज थट्टा नाही. तुमचं पत्र ह्यांनी वाचलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी घडी केली, परत उघडलं, परत वाचलं, आणि गच्चीत जाऊन उभे राहिले. भय्यासाहेब, त्यांनी टोमणा मारला नव्हता हो. ते तसंच लिहितात, खात्याचा रिपोर्ट असावा तसं. आणि तुम्हाला माहीत नाही ते सांगते. मी तुमच्याबरोबर बसते तेव्हा हे दाराबाहेर स्टूल टाकून बसतात. पेटी विरून जाते ते कळलं कुणाला? मला नाही. मला वाटलं तुम्ही थकलात म्हणून हात काढता. सूर कुठल्या क्षणी जातो ते त्यांनी ऐकलं.

मला रेकॉर्डिंग नको, चांगलं व्हायलाही नको. फक्त पेटीबरोबर एकदा गायचं आहे. नुसत्या शांततेत ती कविता मी गाऊ शकत नाही, गळा भरून येतो आणि डॉक्टर म्हणतात रडायचंही नाही.

रविवारी अकराला मी बसते. पेटी आली नाही तरी बसेन.
तुमची
विनता

गोरखपूर, जबलपूर
रविवार, २३ फेब्रुवारी, सकाळ

चि. विनता,

हे पत्र तुला ऑपरेशननंतर मिळेल, हे ठाऊक असून लिहून राहिलो, कारण दुसरं काही हातात नाही. पहाटेच उठलो. पेटीवरची शाल काढली. अंबरीशरावांचं पत्र पुढ्यात ठेवून ओळीवर बोट ठेवत सगळं केलं. गाळणी बंद झाली, ती सोपी निघाली. केबलही लावली. पण डबी मुकीच आहे. दुकानदारानं जे घातलं ते काढू कसं, ते मला येत नाही. ऋचानंही हात टेकले. म्हणाली, मामा, हे समोर बसूनच करावं लागेल.

फोन पेटीजवळ ठेवून वाजवून पाहिलं, पुष्पाताईंना त्यांच्या घरी ऐकायला बसवून. त्या म्हणाल्या पेटी येते, पण विहिरीतून आल्यासारखी. तेवढीच असेल तर तेवढी.

मुलांना मी नेहमी सांगायचो की कविता पाठ झाली की ती कुणी हिरावत नाही. आज ते वाक्य आठवून लाज वाटली. पाठ मला आहे गं, पण गाणार तू ना.

थांब, बेल वाजली. पुष्पाताईच असतील.

विनता, अंबरीशराव आहेत. दारात. रात्रीच्या गाडीनं आले, मफलर अजून तसाच, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या खांद्यावर वायरचं भेंडोळं. तुला वर्ध्याला काम आहे सांगून निघाले म्हणे. मी या म्हणालो. ते बाहेरच उभे आहेत. त्यांनी एवढंच विचारलं की अकराला अजून अवकाश आहे ना, आणि पेटी कुठल्या खोलीत आहे.

जातो. त्यांच्या खांद्यावरची वायर आधी उतरवून घेतो.