समोरची सीट

बाबा,

तुमची सामान वाहायची गाडी सुरू झाली. हे आधी सांगून टाकते, कारण माझी खुशाली विचारण्याआधी तुम्ही तेच विचारलं असतं. उन्हाळाभर भनपुरीच्या गॅरेजात होती. केबिनचा खालचा पत्रा इतका सडला होता की पाय ठेवायच्या जागेतून सडक दिसायची. तो नवा घातला, डिझेलचा पंप खोलून साफ केला, ब्रेकचं सगळं काम नव्याने करून घेतलं. रंग तोच तुमचा निळा. दादा म्हणत होता, भंगारात देऊन टाक, घरासमोरची जागा मोकळी होईल. मी म्हटलं, जागा मोकळी करून तिथे काय क्रिकेट खेळशील? तेव्हापासून तो माझ्याशी गाडीचा विषय काढत नाही, ते एक बरंच झालं.

पण तुमची आठवण म्हणून मी हा उपद्व्याप केला, असं समजून हुरळून जाऊ नका. मला गाडीची गरज होती. आई आणि मी घरून डबे देतो, हे तुमच्या माघारी सुरू झालं. गिऱ्हाईक सगळं ऑफिसातलं. मग एकेक ऑफिस उठून नव्या रायपूरला गेलं आणि गिऱ्हाईकही त्याच्या मागे गेलं. रायपूर राजधानी झालं तेव्हा तुम्हाला काम पुरून उरत होतं. तीच राजधानी तिकडे सरकली आणि आमचं काम बसलं. म्हणून ठरवलं, आपणच तिकडे जायचं. मागच्या हौद्यावर पत्र्याची खोली बांधून घेतली, एका बाजूला वर उघडणारी खिडकी, आत ओटा आणि गॅस. आरटीओत रीतसर नोंद केली. तर्री-पोहे, साबुदाणा वडा आणि दुपारी जेवण. तर्री अर्थातच आईच्या हातची. माझ्या हातची म्हणजे नुसतं तिखट पाणी, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आणि आईच यायला तयार नव्हती. गाडीचं काम सुरू झाल्यापासून ती एकदाही बघायला आली नाही. "तुह्यं तू पाय, मी काही त्या गाडीत येत नाही," एवढंच म्हणायची. काहून, ते सांगायची नाही. मला वाटलं, समोरच्या सीटवर देव बसायचे, म्हणून असेल.

राज्य नवीन झालं तेव्हाचे ते दिवस. भोपाळहून बदली होऊन आलेली माणसं, आज चौबे कॉलोनीत घर घेतात, वर्षभरात दुसरीकडे जातात, आणि त्यांचं सामान तुम्ही वाहता. तुमचा नियम असा की कपाटं-पलंग मागे, पण त्या घरचे देव समोर, तुमच्या बाजूच्या सीटवर. देवांचा डबा मांडीवर घ्यायला त्या घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस. नव्या घरात आधी देव उतरणार, मग बाकीचं. लोकांना हे फार आवडायचं. एकदा मात्र तुम्ही घोळ केला. एकाच दिवशी दोन घरांचं सामान, दोन्हीकडे लाल फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा, आणि म्हातारं माणूस दोन्हीकडे नव्हतं. डबे बदलले. तिसऱ्या दिवशी एका घरून निरोप आला की आमची अन्नपूर्णा कुठाय, हा बाळकृष्ण कोणाचा? तुम्ही त्यांची अन्नपूर्णा घेऊन बदलायला गेलात, तर त्याच घरच्या बाई बाळकृष्ण सोडेनात. म्हणाल्या, मी याला न्हाऊ घातलं, लोणी खाऊ घातलं, आता परत कसा देऊ? शेवटी सदर बाजारातून तुम्ही त्यांना नवा आणून दिला, तेव्हा सुटका झाली. हसून हसून आम्ही घरी बेजार, आणि तुम्ही मात्र पानावर बसून गंभीर चेहऱ्याने वरण-भात कालवता आहात.

तर गॅरेजवाला म्हणाला, "दीदी, पानी की टंकी पीछे नहीं बैठ रही. बाजूवाली सीट निकाल देते हैं. आपको तो अकेले ही जाना है." मी घरी आले. आई स्वयंपाकघरात खाली बसून सांभाराची हिरवी जुडी निवडत होती. मी भीत भीत विचारलं. वाटलं, आता देवाच्या जागेवरून मला ऐकवणार.

"काढ ना," ती म्हणाली. "मले काहून विचारून राहिली? मी कधी बसली तिच्यावर?"

तिने मान वर केली नाही. "राजिमले गेलो, तं समोर शेजारचे काका. माह्या बहिणीच्या लग्नाले गेलो, तं समोर आहेराची भांडी. मागे ऊन लागते, म्हटलं. तं म्हणे, भांडी आदळतीन. भांडी बसली, मी नाही बसली."

आवाज चढवला नाही तिने. सांभाराच्या काड्या बाजूला करत राहिली. समोर परके, मागे घरचे, हे तुम्ही किती अभिमानाने सांगायचात. आम्ही पोरं मागे गाद्यांवर लोळत जायचो, आम्हाला ती मजा होती. आई तिथेच एका हाताने फाळका आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरचा पदर धरून बसलेली असायची. मी ते दर वेळी बघितलं आणि कधी बघितलंच नाही.

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा म्हणले होते, गाडी नीट झाली की तुह्या आईले समोर बसवजो."

तिचे हात थांबले. "कधी?"

"दवाखान्यात. तू चहा आणाले गेली होती तवा."

"तवा तं त्याइले धड बोलता येत नव्हतं."

"एवढं बोलले."

तिने निवडलेला सांभार बाजूला ठेवला. मग उठली, हात धुतले आणि म्हणाली, "ते पायरी अजून तेवढीच उंच आहे का? माहे गुडघे नाही चालत." मी दुसऱ्या दिवशी भनपुरीला जाऊन खाली एक जास्तीची पायरी लावून घेतली आणि टाकी हौद्याच्या खाली टांगायला लावली. गॅरेजवाला कुरकुरला, "दीदी ने पूरा नक्शा बिगाड़ दिया." बिघडू दे.

आता रोज सकाळी ती समोर बसून येते. खिडकीवर कोपर टेकवते. मी गाडी जरा दामटली की म्हणते, "हळू, तर्री सांडते." नव्या रायपूरच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर ती सगळ्या इमारती नीट बघते आणि मला विचारते, यात लोक राहतात का नुसत्या फायली? मधूनच, काही विषय नसताना म्हणते, "त्याइच्या लक्षात होतं म्हणा."

बाबा, तुम्ही तसं काही म्हणाला नव्हतात. ती चहा आणायला गेली तेव्हा तुम्ही मला एवढंच विचारलंत, गाडीच्या बॅटरीची वायर काढून ठेवली का. त्याबद्दल मला तुमचा अजून राग येतो. इतकी माणसं जपून नेलीत, देवसुद्धा जपून नेलेत, आणि हे एक वाक्य तुम्हाला सुचू नये?

हे पत्र कुठे पाठवायची सोय नाही, आणि ठेवायचीही नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात आता तिची औषधं असतात, ती रोज तो उघडते. तेव्हा आजच फाडून टाकीन. पण कधीतरी ती तुमच्याकडे येईल आणि आल्या आल्या हेच विचारील. तेव्हा माझी लाज राखा. हो म्हणा.