सतरा नंबरचा राक्षस

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

नळदुर्ग,
१४ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप वीरप्पामामा यांस,
भाचा सोमेश याचे शरणु शरणार्थी.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तिकडं आळंदला तुमचे गुडघे, मामींची शुगर आणि तुमच्या शिवशंकरचं मेडिकल दुकान हे तिन्ही बरं चाललं असेल अशी आशा आहे. तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना ह्या शहाण्यानं कागद का काळे केले. मामा, फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही हे एक, आणि ऐकू आलं नाही तरी तुम्ही "व्हय व्हय, लई चांगलं झालं" म्हणत राहता हे दुसरं. (मागं मी सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाल्याचं सांगितलं, तेव्हा तुम्ही अभिनंदन केलंत. सासरे अजून विसरले नाहीत.) व्हॉट्सअॅपवर टाकावं तर तुमची सून तुमच्या आधी वाचते. म्हणून पत्र. सावकाश वाचा आणि एकट्यानं वाचा. मला तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे, पण ती आधीच विचारली तर तुम्ही पुढचं वाचणार नाही, म्हणून जरा लांबून येतो.

माझा नाद तुम्हाला ठाऊक आहे. भांड्यांचं दुकान आहे, भुवनेश्वरीसारखी बायको आहे, डोक्यावरचे निम्मे केस गेलेत, आणि मी रबरी राक्षस जमवतो. आम्ही शाळेत असताना 'भुताटकी' नावाचे कुरकुरे यायचे आणि पुडीत अंगठ्याएवढा राक्षस फुकट. एकूण चोवीस, प्रत्येकाच्या तळपायाला नंबर. ते खाल्ले की जीभ केशरी व्हायची आणि घशाला खाज सुटायची, म्हणून पोरं राक्षस काढून घ्यायची आणि कुरकुरे कोंबड्यांना टाकायची. (पुढं कोंबड्याही आमच्या गल्लीत फिरकेनाशा झाल्या.) मग कंपनीनं राक्षसांचा कंपास काढला, पाण्याची बाटली काढली, पेन्सिलीच्या बुडाला खोचायची मुंडकी काढली, जिच्यात शिड्या दोनच आहेत अशी सापशिडी काढली, आणि शेवटी राक्षसांच्या चित्रांचे बनियन काढले. बनियननं कंपनी बुडाली. ह्या सगळ्याला आता जुनी वस्तू म्हणून मान आलाय. मी मात्र पंधरा वर्षांपासून जनरल स्टोअरवाल्यांच्या माळ्यावर चढून धूळ खातोय. तेरखेड्याला तर जिवावर बेतलं. बुडालेल्या कंपनीची उरलेली छापील वेष्टनं कुणा फटाकेवाल्यानं घेऊन सुतळी बॉम्बच्या पुड्यांना लावली होती, त्यातली एक सीलबंद पुडी मला मिळाली. ती मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. शेजारच्या माणसानं काय हाय विचारलं, मी पेढे म्हणालो, तर त्यानं एक मागितला. भुवनेश्वरीनं पुडी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, बाहेरच घंगाळात बुडवली. वेष्टन सुटून वर आलं, बॉम्ब तळाला बसले, आणि त्या घंगाळात तेव्हापासून कुणी आंघोळ करत नाही.

तर चोवीसातले बावीस जमले होते. नऊ नंबर कुणाकडंच नाही. सतरा नंबर मी शोधलाच नाही. जमवणाऱ्यांच्या ग्रुपवरचे लोक विचारायचे, सतरा देऊ का, मी नको म्हणायचो. का, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला, आईला आणि मला. अप्पांना माहीत होतं, ते आता नाहीत.

माझ्या पाठचा श्रीशैल गेला त्याला सव्वीस वर्षं झाली. नऊ वर्षांचा होता, तापाचं निमित्त झालं. आपल्या लिंगायतांत गेलेल्याला मातीत बसवतात, डाव्या हातात लिंग देतात. आईनं तुम्हाला बाजूला घेऊन सतरा नंबर दिला आणि म्हणाली, हा उजव्या हातात ठेव, तो ह्याला झोपेतही सोडत नव्हता. स्वामींनी ऐकलं आणि ते अडून बसले. एका हातात शिव आणि दुसऱ्या हातात राक्षस घेऊन गेला तर पोराला तिकडं कोण दारात उभं करील, असं त्यांचं म्हणणं. (त्या परिस्थितीतही दोघं-तिघं ह्यावर वाद घालायला लागले. आपले लोक.) तेव्हा तुम्ही राहू द्या म्हणालात आणि खड्ड्यात स्वतःच उतरलात. मी बारा वर्षांचा, अप्पांच्या धोतराआड उभा होतो. तुम्ही वाकलात, बराच वेळ वाकून राहिलात, मग वर आलात. त्यानंतर मीठ, विभूती, बेल पडलं आणि माती पडली. तुमचे हात रिकामे होते, म्हणून मला वाटलं तुम्ही ठेवलात.

आता गेल्या महिन्यातलं ऐका. दुकानाच्या कामानं कळंबला गेलो होतो. राजनंदिनीकडं डोकावलो. तुमची लेक मजेत आहे, माळा साफ करून करून शिंकत होती, तरी चहाबरोबर चुरमुऱ्यांचा सुशीला केला. मग बाजारात चक्कर टाकली. तिथं दगडोबा म्हणून एक जण ताडपत्रीवर जुनं-पानं मांडून बसतो. त्याच्याकडं पिशवीभर खेळणी होती. निवडायचं न्हाय, घ्यायची तर समदी घ्या, म्हणाला. कुठून आणली विचारलं, तर म्हणाला, लोकं घरं झाडत्यात, म्या इचारत न्हाय. घेतली. एसटीत बसून पिशवी उघडली. चाक गेलेली मोटार, पेन्सिलीची दोन मुंडकी, बाहुलीचा एक पाय, आणि त्याखाली सतरा नंबर.

डावं शिंग दातानं तोडलेलं. तळपायाला नंबरशेजारी निळ्या बॉलपेननं 'श्री'. मामा, शिंगं काय, हजार पोरांनी चावली असतील, असं मी स्वतःला येडशी येईपर्यंत समजावलं. पण त्या 'श्री'ची शेपटी खाली जाऊन उलटी वर येते, आणि तशी शेपटी काढतो म्हणून श्रीशैलनं बाईंच्या छड्या खाल्ल्या होत्या. शिवाय वास. मिठाचा आणि विभूतीचा. काखेच्या घडीत पांढरी पूड बसलेली. घरी येऊन मी तो भांड्यांच्या पावडरीनं तीनदा घासला (दुकानात अशी पावडर भरपूर आहे, लोखंडाचा गंज काढते). वाळल्यावर पाहिलं तर पूड होती तिथंच होती. मी तो कपाटात मागच्या रांगेला ठेवला आणि कुणापाशी बोललो नाही.

पण गणपतीत लक्ष्म्या आल्या. आपल्याकडं लक्ष्म्यांपुढं खेळणी मांडतात, आणि आमची लाकडी बैलगाडी आणि कापडी बाहुल्या ह्या वर्षी उंदरांनी खाल्ल्या. आरास रिकामी दिसायला लागली. मी दुकानात. भुवनेश्वरीनं माझं कपाट उघडलं आणि तेवीसच्या तेवीस राक्षस थोरली-धाकटीपुढं तीन रांगांत मांडले. हळदी-कुंकवाला आलेल्या पहिल्या बाईनं लक्ष्मीला कुंकू लावता लावता एका राक्षसालाही लावलं, मग मागच्या सगळ्यांनी सगळ्यांना लावलं. मूळ रंग जपायला मी पंधरा वर्षं त्यांना उन्हाची तिरीप लागू दिली नव्हती, ते अर्ध्या तासात हळदीनं पिवळे झाले. शेजारच्या लक्ष्मीबाईंनी तर पाच डोळ्यांच्या राक्षसाला जावयाच्या बदलीसाठी साकडं घातलं. (बदली झाली. आता त्या नारळ घेऊन येणार आहेत, आणि राक्षसापुढं नारळ फोडतात की वाहतात हे आमच्या स्वामींनाही सांगता येईना.)

हे हसण्यावारी गेलं असतं. तेवढ्यात आई आतून आली. चष्म्याशिवाय तिला ताटातली भाकरी दिसत नाही, आणि चष्मा नव्हता. ती सरळ चालत आली, वाकली आणि तेवीसातून नेमका तो उचलला. उलटा करून पाहिलासुद्धा नाही. तुटक्या शिंगावरून अंगठा फिरवला आणि कन्नडमध्ये म्हणाली, "बंदेया?" आलास का. तुम्ही आल्यावर ती तुमच्याशी कन्नड बोलते ते सोडा, पण आमच्या घरात ती कन्नड एकट्या श्रीशैलशी बोलायची. तो गेल्यापासून घरातल्या कुणाशी ती त्या भाषेत बोलली नव्हती. बाया पानसुपारी न घेताच उठल्या.

तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या उठल्या, मुखवटे डब्यात गेले, राक्षस कपाटात गेले. सतरा नंबर आईच्या खिडकीत राहिला. दुपारी जेवायच्या आधी ती त्याच्यापुढं वाटीत दूधभात ठेवते आणि बोलत बसते. मधेच थांबते, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी, आणि हसते. नंतर वाटी रिकामी असते. (मांजर असेल. आमच्याकडं मांजर नाही. शेजारचं असेल.) मी रोज सकाळी दुकानाला जाताना त्याचं तोंड भिंतीकडं करून जातो. दुपारी जेवायला येतो तेव्हा तोंड दाराकडं असतं. भुवनेश्वरी म्हणते, मी त्याला बोटसुद्धा लावत नाही. आईला विचारायची माझी छाती होत नाही. काल तर मी तो कापडात गुंडाळून वर दोरा बांधला होता. दुपारी दोरा होता, कापड होतं, घडी करून शेजारी ठेवलेलं.

आता जे बायकोलाही सांगितलं नाही ते सांगतो. सतरा नंबर माझा होता, मामा. माझ्या पुडीत निघाला होता. श्रीशैलनं तो घेतला, शिंग तोडलं, नाव घातलं, आणि नाव घातलं म्हणजे आपला झाला असं त्याचं म्हणणं. तो अंथरुणाला लागला तरी मी मागतच होतो. त्याचं अंग तव्यासारखं तापलेलं आणि मी उशाशी बसून, माझा दे, माझा दे. शेवटी वैतागून तो म्हणाला, "मी मेल्यावर घे." पोरं बोलतात असं. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर मी त्याचं नाव काढलं नाही ते ह्यामुळं. लोक विचारतात हे बाकीचे कशाला जमवता, मी छंद म्हणून सांगतो. छंद कसला, त्या एकाची आठवण होऊ नये म्हणून बाकीचे जमवत गेलो. आणि आता तो स्वतः पिशवीत बसून माझ्याकडं आलाय. श्रीशैलनं बोलल्याप्रमाणं दिला असं मनात येतं, आणि मला भीती वाटते, आणि भीतीपेक्षाही लाज जास्त वाटते.

असो. उडीद निघाला, पाऊस उघडेना. मामींना नमस्कार, शिवशंकरच्या पोरांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा, नुसतं बघत बसू नका.

तुमचा,
सोमेश

ता. क. : शिवशंकरकडं लहानपणी राक्षसांचा पत्र्याचा कंपास होता. झाकण नसलं तरी चालेल, कुणी येणारं असेल तर पाठवा.

ता. क. दुसरा : कंपास राहू द्या. मामा, त्या दिवशी खड्ड्यात वाकलात तेव्हा तुम्ही तो त्याच्या हातात ठेवलात की स्वतःच्या खिशात घातलात? खिशात घातला असेल तर मी मुळीच रागावणार नाही, आळंदला येऊन तुमचे पाय धरीन. आणि ठेवला असेल तरी खिशात घातला असंच लिहा. खोटं लिहा, पण पत्रानं लिहा. फोनवर तुम्ही कशालाही व्हय म्हणता.

ता. क. तिसरा : आईला खाली दोन ओळी लिहायच्या आहेत. तिचा चष्मा सकाळपासून सापडत नाही, त्यामुळं वरचं तिला वाचता यायचं नाही, दोन ओळी अंदाजानं लिहील, काळजी नसावी. मला दुकान उघडायचंय. देवळाला जाताना तीच पाकीट चिकटवून टपालपेटीत टाकील.

चि. वीरप्पास थोरल्या बहिणीचे, सिद्धम्माचे, आशीर्वाद. चष्मा सापडला. समदं वाचलं. तू खिशात घातलास ते म्या तेव्हाच बघितलं होतं. तुझा शिवा त्या दिवशी लई रडत होता, त्याला दिलास. मला राग आला न्हाय. माझं एक लेकरू मातीत चाललं होतं, दुसरं लेकरू खेळतंय तर खेळू दे म्हटलं, म्हणून गप बसले. राजनंदिनीच्या सामानातून कळंबला गेला असंल. दूधभात मांजर खातं. तोंड दाराकडं कोण करतं ते म्या बी रोज बघत बसते, अजून काय दिसलं न्हाय. सोमू सव्वीस वर्षं माझ्यापाशी श्रीचं नाव काढत नव्हता. आता दुपारी जेवला की दुकान विसरून खिडकीपाशी बसतो, श्री असा बोलायचा, श्री तसा पळायचा, सांगतो, आन् परवा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. त्याला वाटतंय भावानं आपल्या हातानं दिला. दोघांचं भांडण मिटलंय, ते तू पुन्हा काढू नको. तू ठेवला होतास, असंच लिही.