कोचाबांबातल्या काळ्या पट्टीची बातमी

ती. एदुवीखेस मावशीस,

दोन्ही गालांवर नेल्फीचा मुका. गुडघा कसा आहे? थंडीत सारखी दारात बसू नकोस, तारातातलं एखादं माणूस तुझ्या नजरेतून सुटलं तरी गाव चालेल. आई बरी आहे. मी तर इतकी बरी आहे, की कालपासून रस्त्यात अनोळखी लोकांचीही ख्यालीखुशाली विचारत सुटले आहे.

मी नेमकं काय करते, हे तू दर नाताळात विचारतेस आणि उत्तर संपायच्या आत पानात आणखी वाढतेस. म्हणून लिहून कळवते. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. दारावरचं प्रथिन आतल्याला डिवचतं, ते पुढच्याला, आणि अशी बातमी पार माजघरात पोचते (तुमच्या चौकात पोचते तशीच, फक्त तिखटमीठ न लावता). विंचुका किडा चावून होणारा आजार, ज्यानं आजोबांचं हृदय पोखरलं, तो या निरोपांत काय गडबड करतो ते मी गिनीपिगच्या हृदयातल्या पेशींत शोधते. निरोप पोचला, की तपासणीत काळी पट्टी उमटायला हवी. माझी पाटी वर्षभर कोरी.

आमचे प्रमुख डॉक्टर अर्सेनियो उरियोस्ते यांनी आधी थट्टा केली. "नेल्फी, तुझ्या पेशींनी अबोला धरलाय. समजूत घाल त्यांची." मग सांगितलं, की सुट्टीपर्यंत पट्टी दिसली नाही तर हे काम बंद, आणि मी पहिल्या वर्षाच्या मुलांना बेडूक दाखवायचे. त्या रात्री मी आजोबांचा फोटो पालथा घालून झोपले.

त्यात विद्यापीठानं विकतची नियतकालिकं बंद केली. उरली इंटरनेटवरची मोफत दालनं. डॉक्टर म्हणाले, "फुकट मिळतो तो सल्ला, माहिती नव्हे." पण मी खिडकीशी ठाण मांडलं. आमच्याकडे नेट तिथेच येतं, आणि खालून भट्टीतल्या रसाळ साल्तेन्यांचा वास (माझा स्कर्ट का आवळतो, ते आईला सांगू नकोस). एका दालनात पेशींच्या निरोपांच्या वाटांचे नकाशे आहेत, जगभरचे संशोधक ते दुरुस्त करत असतात. दुसऱ्यात प्राण्यांच्या प्रथिनांची घडण अक्षरांत मांडलेली. मी माणसाचं आणि गिनीपिगचं प्रथिन एकाखाली एक ठेवलं आणि हातातल्या साल्तेन्याचं सारण मांडीवर सांडलं. प्रथिनाला चिकटून पट्टी उमटवणारं आमचं औषध माणसाच्या प्रथिनासाठी बनवलेलं, आणि ते जिथे पकड घेतं नेमकी तिथलीच अक्षरं गिनीपिगमध्ये वेगळी. पेशी बिचाऱ्या वर्षभर बोलत होत्या, बहिरी मी होते.

संशोधकांच्या एका मोफत चर्चापानावर मी हे लिहिलं. मोन्तेविदेओहून ग्रासिएला एचेगोयेन नावाच्या बाईंचं उत्तर आलं: "अगं, आम्हीही यातच फसलो होतो. दुसऱ्या जागी पकडणारं औषध आहे, थोडं उरलंय. पत्ता दे."

काल सकाळी पट्टी उमटली, मावशी. निरोगी पेशींत काळीकुळकुळीत, आजारी पेशींत पुसट. म्हणजे निरोप कुठे अडतो ते समोर दिसत होतं. मी रडले. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि हळूच म्हणाले, "बेडकांना कळव, तू येत नाहीस." दुपारी तेच अधिष्ठात्यांना सांगत होते, की मोफत साधनांवर त्यांचा पहिल्यापासून विश्वास आहे. मी मान डोलावली. जिंकलेल्या माणसाला एवढं परवडतं. गिनीपिगला कुठलं औषध चालतं, ही आमची टीप नकाशावाल्यांनी माझ्या नावासकट लावायची ठरवली आहे. आता मनिलापासून माद्रिदपर्यंत कुणीही ती वाचू शकेल, छदाम न मोजता.

तुझी लाडकी (आता कबूल कर),
नेल्फी

ता. क. हे सगळं पुन्हा करून दाखवावं लागेल आणि आमच्याकडचे गिनीपिग संपलेत. तू जेवणासाठी चुलीमागे पाळतेस त्यांपैकी काही हवेत. ज्यांची नावं ठेवली आहेस ते सोडून. मी डॉक्टरांना तुझ्या वतीनं हो म्हणून बसले आहे.

आणखी एक ता. क. रविवारी न्यायला माझ्याबरोबर डॉक्टर स्वतः येतायत. त्यांना जिवंत गिनीपिगची भयंकर भीती वाटते, दिसला की खुर्चीवर चढतात. तुला ठाऊक आहे असं दाखवू नकोस. पिंजरा जेवणानंतरच उघड, आणि उघडताना मला हाक मार.