तिसऱ्या मजल्यावरचा संप

प्रिय उल्रिका,

दचकू नकोस, मुलं धडधाकट आहेत, कुणाचा हातपाय मोडलेला नाही. पण रविवारी ती तुझ्याकडे येतील तेव्हा तिंद्राच्या हातात नेहमीची बॅग नसेल, अख्खं कपाट असेल. एक आठवडा आईकडे आणि एक आठवडा बाबाकडे हा प्रकार आपल्यापुरता संपला, आता आपण कायमच्या आईकडे राहणार, असं तिने आज जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं आहे. सोळा वर्षांच्या मुलीला अडवणार कोण? आणि ती बोलली की करते. हा गुण तिने कुणाकडून उचलला यावर आपण दोघांनी पूर्वी पुष्कळ घसे कोरडे केलेत. रविवारच्या आत तोडगा निघाला तर ती थांबेल, नाहीतर नाही. तिची बाजू तिच्याकडून तुला कळेलच, आणि ती माझ्यापेक्षा चांगली मांडते, म्हणून माझी आधी ऐकून घे.

तुझ्या घरी कसं असतं देव जाणे, पण माझ्याकडे ख्रिसमसपासून दोन मुलं राहत नव्हती, दोन फोन राहत होते आणि त्यांना चिकटलेली थोडी थोडी मुलं. ओले टॉवेल जमिनीवर. पलंगाखाली दह्याची वाडगी, त्यातले ओट्स असे वाळलेले की मला भिंत खरवडायची पट्टी आणावी लागली. डिशवॉशर काम संपवून कोकलत बसायचा आणि तो आवाज घरात फक्त मला ऐकू यायचा. जेवायला हाक मारली तर उत्तर नाही, म्हणून एकदा मी स्वयंपाकघरातून मेसेज केला, तर पलीकडच्या खोलीतून वर केलेला अंगठा आला. माणूस नाही आलं, नुसता अंगठा. कहर म्हणजे एका शनिवारी दोघं एकाच सोफ्यावर बसलेली, घरात चिडीचूप शांतता, मी मनात म्हटलं वा, काय गुणी लेकरं, आणि मेल्विन एकदम भोकाड पसरून रडायला लागला. बहीणभाऊ शेजारी शेजारी बसून तासभर फोनवर भांडत होते. तेरा वर्षांच्या मुलाने बहिणीला चिमटा काढावा, आपण ओरडावं, ही साधी गोष्टसुद्धा आमच्या घरातून हद्दपार झाली होती.

उपाय रोलँडने सुचवला. मिलमधला रोलँड, तुला आठवत असेल, आपल्या लग्नात ज्याने भाषण संपवायलाच नकार दिला होता तो. तो म्हणाला, "स्टाफान, इंटरनेटचा पासवर्ड रोज बदल. आधी काम, मग पासवर्ड. पोरं सुतासारखी सरळ येतील." रोलँडची स्वतःची पोरं त्याच्याशी बोलत नाहीत, एक तर थेट ऑस्ट्रेलियात जाऊन राहिला आहे, हे मी तेव्हाच ध्यानात घ्यायला हवं होतं. पण मी वैतागलो होतो. मी मुलांच्या फोनवरचं इंटरनेट माझ्या आठवड्यापुरतं बंद करून टाकलं आणि घरातल्याला कुलूप घातलं. पलंग आवर, टॉवेल दांडीवर टाक, डिशवॉशर रिकामा कर आणि नाश्त्याला माणसासारखं निदान एक पूर्ण वाक्य बोल, मग पासवर्ड मिळेल. पासवर्डही मी असे ठेवायचो की टाइप करता करता अक्कल यावी. 'दह्याचं वाडगं पलंगाखाली जन्मत नाही' हा त्यातल्या त्यात छोटा होता.

आणि काय सांगू, उल्रिका, पहिला आठवडा स्वर्ग होता! घर लखलखलं. मेल्विनने सोफा सरकवून त्याच्या मागची धूळ काढली, तिथे तुझा हरवलेला लोकरी हातमोजा सापडला. तिंद्रा नाश्त्याला म्हणाली, "सुप्रभात बाबा, आज हवामान थंड असून वारा वायव्येकडून आहे." टोमणा होता, पण वाक्य पूर्ण होतं, मी पासवर्ड दिला. मिलमध्ये मी छाती पुढे काढून फिरलो. जो भेटेल त्याला पकडून मुलं कशी वाढवायची ते सांगितलं.

पुढच्या माझ्या आठवड्यात ती आली, दारात बूट काढले, आणि एरवी आपापल्या खोलीत नाहीशी होतात ती न होता स्वयंपाकघरात टेबलाच्या एकाच बाजूला शेजारी शेजारी बसली. ती बाजू मी ओळखतो. युनियनचा प्रतिनिधी म्हणून माझी सगळी उमर त्या बाजूला गेली आहे. समोरची खुर्ची रिकामी होती, ती मालकाची. तिंद्राने एक कागद पुढे सरकवला. घरात कामगार संघटना स्थापन झाली होती. अध्यक्ष तिंद्रा, बाकी सगळं मेल्विन. माझ्याच कपाटातली, वाटाघाटींच्या शिबिरात मिळालेली जाडजूड फाईल तिने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढली होती, जी मी स्वतः निम्मीच वाचली आहे. मी म्हटलं, "असली युनियन मी मानत नाही." तर मेल्विन शांतपणे म्हणाला, "बाबा, हे वाक्य मालक पहिल्या दिवशी बोलतोच, असं तूच सांगितलं होतंस." मी दुसरं वाक्य शोधत होतो तेवढ्यात तो म्हणाला, "आणि दुसऱ्या दिवशी तो म्हणतो, आपण सगळे एकाच कुटुंबातले आहोत." मला तोंड मिटावं लागलं, कारण मी अगदी तेच म्हणणार होतो.

त्याच आठवड्यात त्यांनी रीतसर संपाची नोटीस दिली. नोटिशीची मुदत तुझ्याकडच्या दिवसांत भरली आणि तुला पत्ताही लागला नाही. या सोमवारी मी पाळी संपवून जिना चढून वर आलो तर दोघं माझे मिलमधले पिवळे कोट घालून दाराच्या पायपुसण्यावर बसलेली. मेल्विनच्या कोटात अजून एक मेल्विन मावला असता. हातात पुठ्ठ्याचा फलक, 'मालकाने चर्चेला यावं'. समोरच्या गुनवोरबाई माझा बेकिंगचा ट्रे परत करायला बाहेर आल्या होत्या. मी म्हटलं, आत नेऊन ठेवा ना. त्या म्हणाल्या, "कापडगिरणीत आयुष्य गेलं माझं, संपावरच्यांनी दारात धरलेली रांग ओलांडून कधी आत गेले नाही. आता म्हातारपणी तुझ्या ट्रेसाठी ओलांडू होय?" ट्रेवर दालचिनीचे बन होते, ते त्यांनी संपकऱ्यांना वाटले आणि ट्रे घेऊन परत गेल्या. तो अजून त्यांच्याकडेच आहे.

हसू नकोस. मला वाटलं नव्हतं, पण माझाही पाय उचलेना. जन्मात मी कुणाची संपाची रांग ओलांडलेली नाही, आणि इथे ती माझ्याच दारात, माझ्याच पायपुसण्यावर बसली होती. मी जेवणाचा डबा हातात धरून जिन्यात उभा राहिलो. वरच्या मजल्यावरची माणसं नमस्कार करून गेली. शेवटी संपकऱ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा तिंद्राने उभं राहून जाहीर केलं, "रात्रीचं जेवण ही अत्यावश्यक सेवा आहे. बाबाला आत जाऊन स्वयंपाक करायची परवानगी देण्यात येत आहे. भांडी घासायची नाही." मी मुकाट्याने आत जाऊन मीटबॉल तळले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःचा कॉफीचा मग विसळायला घेतला तर मागून मेल्विन किंचाळला, "संपफोड्या!" उल्रिका, हा शब्द मी किती जणांना ऐकवलाय, मला कधी कुणी म्हटलं नव्हतं. मी मग खाली ठेवला आणि मोजमापाच्या भांड्यातून कॉफी प्यायलो.

मग माझंही डोकं फिरलं. मी राउटर उपटला, डब्याच्या पिशवीत कोंबला आणि मिलमध्ये घेऊन गेलो. तिंद्रा नुसती म्हणाली, "टाळेबंदी. मेल्विन, लिहून घे." मिलमध्ये सहानुभूती मिळेल असं वाटलं होतं. सगळं खातं मुलांच्या बाजूने उभं राहिलं. रोलँड, ज्याने ही आग लावली तो रोलँड म्हणाला, "पोरगी आम्हाला दे, पुढच्या कराराला तिलाच पाठवू." संपकऱ्यांसाठी त्यांनी पिशवीभर गोळ्याचॉकलेटं दिली. ती मीच घरी पोचवली, गोळ्या फक्त शनिवारी हा आपला नियम मोडून.

आता खरी गंमत ऐक. चर्चेला बसणं भाग होतं. सोमवार, मंगळवार आणि आज, तिन्ही संध्याकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. इंटरनेट नाही, भांड्यांचा डोंगर मागे, आणि आम्ही बोलतोय. टॉवेलच्या कलमावरून आम्ही भांडलो, मग हसलो, मग परत भांडलो. मेल्विनला 'तहकूब' हा शब्द इतका आवडला की तो शू लागली तरी बैठक तहकूब करायचा. तिंद्रा विचार करताना पेनाचं टोपण चावते, अगदी तुझ्यासारखं, हे मी इतक्या महिन्यांत पाहिलंच नव्हतं, कारण पाहायला तिचा चेहराच वर नसायचा. वाडग्यांच्या कलमावर अडलो असताना तिने मध्येच मला शाळेतल्या एका मुलाबद्दल सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. पण तिने मला सांगितलं! ज्या मुलीकडून मला अंगठे येत होते तिने. मला फार आनंद झाला, आणि मालकाच्या खुर्चीत बसून तो दाखवता येईना.

आज सगळं जुळलं होतं. टॉवेल त्यांनी मान्य केले, रोजचा नवा पासवर्ड मी सोडला, भांडी पाळीपाळीने. एकच कलम उरलं, तेही त्यांचं. संध्याकाळी सहा ते आठ घरातले सगळे फोन पावाच्या डब्यात. सगळे, म्हणजे माझाही. मी हसत हसत म्हटलं, माझा नाही. तिंद्रा म्हणाली, "का?" मी म्हटलं, मिलमध्ये कुणाला काही झालं, कुणाला युनियनची गरज पडली, तर मला फोन उचलावा लागतो. ती म्हणाली, "म्हणजे नियम कामगारांना, सवलत साहेबांना." मी आवाज चढवला. टेबलावर हात आपटला, भांड्यांचा डोंगर हादरला. तिचा चेहरा पांढरा पडला आणि तेव्हाच ती म्हणाली की मी आईकडे जाते, कायमची, तिथे निदान जो नियम आपल्याला तोच तिलाही असतो. आणि मग मेल्विन, जो कधीच मुद्दाम लागेल असं बोलत नाही, खाली बघत म्हणाला, "पण बाबा, संध्याकाळी तुला मिलमधून कुणाचाच फोन येत नाही. फक्त आईचा येतो. गुरुवारी." तिंद्राने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बैठक तहकूब." दोघं आत निघून गेली.

पोरगा खरं बोलला, उल्रिका. माझ्याकडे मुलं असतात त्या आठवड्यात दर गुरुवारी संध्याकाळी तू फोन करतेस. रविवारी कुणाची पोहण्याची पिशवी कुठे आहे, मेल्विनचा खोकला कसा आहे, झालं, फोन बंद. तेवढ्यासाठी तो फोन मी सोमवारपासून ताटाशेजारी ठेवतो. मुलांना मी म्हणत होतो की जेवताना माणसांकडे बघा, आणि मी स्वतः काय बघत होतो ते त्यांना माझ्या आधी कळलं होतं. तुझा आवाज ऐकायला मिळावा म्हणून मी लेकीला घरातून घालवायला निघालो होतो, याला काय म्हणावं? उद्या संध्याकाळी मी सही करणार आहे, आणि सहा वाजता माझा फोन डब्यात जाणार आहे. म्हणून हे कागदावर लिहून पहाटे मिलला जाताना तुझ्या पत्रपेटीत टाकतोय. उद्या फोन करू नकोस, मी उचलणार नाही. ये. गुरुवार आहे, म्हणजे नेहमीचं वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक आहेत, मुलांना मी अजून काही सांगितलेलं नाही. पिशवीबद्दल विचारायचं असेल तर समोर बसून विचार, आणि विचारायचं काहीच नसेल तरीही ये.

तुझाच, आणि हे सवयीने लिहिलेलं नाही,
स्टाफान