थालीपीठाचा भाव

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
ऑक्टोबर २००८

प्रिय आई,

आमच्या युनिव्हर्सिटीने एक कमिटी नेमली आहे. खेळाडू मुलांना दरमहा काही मानधन द्यावं का, आणि दिलं तर आमच्या स्पोर्ट्स डिपार्टमेंटचं काय होईल, हे तिने ठरवायचं आहे. खेळाडूंना शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून लेखी मत मागवलंय. सोमवारी द्यायचं आहे. तीन दिवस मी कॉम्प्युटरसमोर बसते, एक ओळ लिहिते आणि पुसते. कारण पहिल्याच ओळीत तू येतेस. आणि तू आलीस की मला आधी तुला काहीतरी सांगायचं असतं, जे तू होतीस तोवर मी सांगितलं नाही.

म्हणून कमिटीच्या आधी तुला लिहितेय. तुला जाऊन सव्वा वर्ष झालं. उशीर झालाय, ठाऊक आहे.

पाच वर्षांपूर्वी तू सांगलीहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आलीस. मी तेव्हा स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस. करत होते आणि खेळाडूंच्या स्टडी सेंटरमध्ये ट्यूटर होते. त्या कामामुळे माझी फी माफ होती. काम गेलं असतं तर फी भरता आली नसती, आणि शिक्षण थांबलं की व्हिसाही गेला. हे तुला मी कधी नीट समजावलं नाही. तू काळजी करशील म्हणून.

गाडी नव्हती. एका खोलीत दिवसभर बसून तू कंटाळायचीस, म्हणून रविवारी दुपारी माझ्याबरोबर सेंटरला यायचीस. तिथेच मार्कस तुला पहिल्यांदा भेटला. इथल्या फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात धरून धडका देत पळायच्या खेळाच्या टीममधला, सव्वाशे किलोचा, दुसऱ्या वर्षाचा मुलगा. इथून तीन तासांवरच्या एका लहान गावातला. त्याची आई कोंबड्या कापण्याच्या कारखान्यात कामाला होती. त्याला स्कॉलरशिपमुळे शिक्षण, होस्टेल आणि मेस सगळं फुकट होतं, पण रविवारी दुपारनंतर मेस बंद असायची आणि खिशात काही नसायचं. सीझनमध्ये नोकरी करायला वेळ नाही.

मी त्याला सरासरी शिकवत होते आणि तू खिडकीजवळून म्हणालीस, "वर्षा, त्याचं पोट वाजतंय. तुला ऐकू येत नाही का?"

येत होतं, आई. मला दर रविवारी ऐकू यायचं.

तू उठलीस आणि डबा त्याच्यापुढे उघडलास. थालीपीठ, दही आणि शेंगदाण्याची चटणी. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. त्याला नियम माहीत होता आणि मलाही. युनिव्हर्सिटीच्या कुठल्याही कर्मचाऱ्याने किंवा कर्मचाऱ्याच्या घरच्यांनी खेळाडूला जेवण, पैसे, भेट, काहीही द्यायचं नाही. खेळाडू हौशी आहे, त्याला स्कॉलरशिपपलीकडे खेळाबद्दल कणभरही फायदा मिळता कामा नये. मी त्या कागदावर सही केली होती. तरी मी पुस्तकात मान घातली, आणि त्याने चार थालीपीठं खाल्ली.

पुढचे पाच रविवार तू त्याच्यासाठी वेगळा डबा भरत होतीस. तू मराठीत बोलायचीस, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि तुमचं काही अडायचं नाही. तो तुला मॅम म्हणाला तेव्हा तू म्हणालीस, काकू म्हण. तेव्हापासून तू काकूच झालीस.

एकदा त्याने माझ्यामार्फत विचारलं, काकू तरुणपणी काय करत होत्या? तू सांगितलंस, बँकेत क्लार्क होते, पण नोकरी मिळाली ती कबड्डीमुळे. डावी कोपरारक्षक. त्याला काही कळेना. मग तू त्याला पार्किंगमध्ये नेलंस, साडी खोचलीस आणि वाकून त्याचा घोटा धरलास. पंचावन्न वर्षांची तू! तो पाय सोडवू शकला नाही, की तुला लागेल म्हणून त्याने सोडवलाच नाही, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्ही दोघं बराच वेळ हसत होतात.

त्याच आठवड्यात आम्हा ट्यूटर लोकांची मीटिंग झाली. नियम सांभाळणाऱ्या ऑफिसचे गृहस्थ आले होते. शांतपणे बोलणारा, चांगला माणूस. दुसऱ्या एका कॉलेजात एका ट्यूटरने मुलाला जेवण दिलं आणि तिची नोकरी गेली, असं त्यांनी सांगितलं. स्वतः येऊन सांगितलंत तर आम्ही समजून घेऊ, असंही म्हणाले. मी घरी आले. तू मार्कससाठी भाजणी भिजवत होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या ऑफिसात गेले.

आई, सेंटरमधल्या कुणीतरी पाहिलं आणि कळवलं, असं मी तुला सांगितलं होतं. कुणीही कळवलं नव्हतं. मीच सांगितलं, आणि सही करून लिहूनही दिलं.

त्यांनी समजून घेतलं, मला. माझं काम राहिलं. मार्कसला दोन मॅचेस बाहेर बसवलं, आणि खाल्लेल्या जेवणाची किंमत एखाद्या संस्थेला दान करायला सांगितली. मग ते मला म्हणाले, एका जेवणाची किंमत किती धरायची? मी घरी येऊन तुला विचारलं. तू तव्यावरून मान वर केलीस आणि म्हणालीस, "मी विकलं नव्हतं. मग भाव कुठून सांगू?"

शेवटी त्यांनी मेसच्या ताटाचा दर लावला. मार्कसने ती रक्कम गरिबांना अन्न वाटणाऱ्या संस्थेला दिली. कुठून आणली, हे मी विचारलं नाही.

आणि तू एकदाही विचारलं नाहीस, कोण होतं ते. का नाही विचारलंस? विचारलं असतंस तर मी कदाचित सांगितलं असतं. हा सगळा दोष तुझ्यावर ढकलत नाही, पण थोडा राग आहे.

तू एवढंच म्हणालीस की ज्या मॅचला तो बाहेर बसणार, ती मला बघायची आहे. तुझ्या साडीवर माझं जाकीट चढवून आपण गेलो. हजारो माणसं, बँड, आरडाओरडा. तू दहा मिनिटं बघून म्हणालीस की ही कबड्डीच आहे, फक्त दम धरत नाहीत. मग दुकानात टांगलेल्या जर्सीकडे बोट दाखवलंस. नंबर मार्कसचा होता, नाव नव्हतं. यातले पैसे त्याला मिळतात का, असं विचारलंस. नाही, म्हटलं. मग कुणाला? मी म्हटलं, युनिव्हर्सिटीला, बूट बनवणाऱ्या कंपनीला, कोचच्या पगाराला. खाली मार्कस साध्या कपड्यांत मैदानाच्या कडेला उभा होता आणि दमून आलेल्यांना पाणी देत होता.

मॅच सुटल्यावर गेटपाशी त्याने त्याच्या आईला आपल्याकडे आणलं. ती रजा टाकून बसने आली होती. मुलाचा खेळ बघायला, आणि नेमका त्याच दिवशी तो बसलेला. तिने तुझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ बोलली. तू मला विचारलंस, काय म्हणतेय? मी म्हटलं, थँक्यू म्हणतेय.

ती थँक्यू म्हणाली नव्हती, आई. ती म्हणाली होती, "दर रविवारी कामावर उभी असताना मला वाटायचं, माझं पोरगं आज काय खात असेल. ते सहा रविवार मला असं वाटलं नाही." हे मला मराठीत म्हणवलं नसतं. मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, पोरी, तुलाही तुझं बघावं लागतं. मला वाटलं, दमलेली बाई काहीतरी बोलतेय.

घरी आल्यावर मी तावातावाने म्हणाले की या मुलांना सरळ पगार द्यायला हवा. मला वाटलं, तू लगेच हो म्हणशील. तू स्वतः एकोणिसाव्या वर्षी खेळाच्या जोरावर पगार आणलास, दोन मामांची शाळा केलीस. पण तू मला पहिल्यांदाच कुसुममावशीचं सांगितलंस. तुझी उजवी कोपरारक्षक. तू कायम होतीस, ती मानधनावर होती. तिचा गुडघा गेला आणि पुढच्या महिन्यापासून मानधन बंद. नंतर बँकेत नवे चेअरमन आले. त्यांना पेपरात फोटो हवा होता. क्रिकेटची टीम उभी राहिली, तिला पैसे लागले, आणि तुमची मुलींची टीम एका सर्क्युलरने संपली.

तुझं बोलणं मला शब्दाला शब्द आठवतं. "पगार घेण्यात लाज नाही. मी घेतलाय. पण पगार सुरू झाला की टीम आपली राहत नाही, देणाऱ्याची होते. म्हणून आधी विचारायचं, मी पडले तर काय? आणि माझ्यामुळे कुणाची टीम जाणार?"

मी तेव्हा म्हटलं, आई, इथलं वेगळं आहे. किती सहज म्हटलं!

आता त्याच कमिटीचे कागद माझ्यासमोर आहेत. पैसे मिळवतात फक्त फुटबॉल आणि बास्केटबॉल. बाकी टीम त्यावर जगतात. गेल्या आठवड्यात केटी नावाची मुलगी, मी तिला शिकवते, ती स्विमिंग टीममध्ये आहे, मला विचारत होती की फुटबॉलवाल्यांना पगार दिला तर आमचा पूल चालू राहील का. पहाटे पाचला पाण्यात उतरणारी पोर. तिला बघायला कधी पन्नास माणसं येत नाहीत. मुलींनाही मुलांइतकी संधी द्यायचा इथे कायदा आहे, तेव्हा कदाचित तिची टीम राहील आणि मुलांची कुस्ती जाईल. कुणाची तरी जाईल. आणि कोच आज ओरडतो तो गुरुजी म्हणून, उद्या साहेब म्हणून ओरडेल. पण आज मुलांना जे मिळतं तेही दर वर्षी नव्याने मंजूर होतं. गुडघा गेला तर पुढच्या वर्षी स्कॉलरशिप मिळेलच असं नाही. म्हणजे कुसुममावशी इथेही आहे, फक्त पगार न घेता. मग सगळं आहे तसं ठेवायचं? उपाशी मुलाला हौशी म्हणायचं आणि गप्प बसायचं?

माझं मत तयार होत होतं, पण हात चालत नव्हता. काल मी मार्कसला फोन केला. तो पदवीधर झाला हे तुला कळवलं होतं. पुढे व्यावसायिक टीममध्ये त्याची निवड झाली नाही. आता गावच्या शाळेत शिकवतो आणि मुलांची फुटबॉल टीम सांभाळतो. आवाज अजून तसाच खालचा आहे. मी तुझ्याबद्दल बोलले, कमिटीबद्दल बोलले आणि मग म्हटलं की मार्कस, तेव्हा ऑफिसात मीच सांगितलं होतं.

तो म्हणाला, "मिस वर्षा, मला माहीत होतं. मी सही केली त्या कागदावर तुमचं नाव होतं."

पाच वर्षं! त्यानंतर तो दोन वर्षं माझ्यासमोर येऊन गणितं सोडवत होता, जाताना खुर्ची नीट ठेवून जायचा. मी विचारलं, राग नाही आला? तो म्हणाला, आला होता, एक आठवडा. मग त्याच्या आईने त्याला सांगितलं की त्या मुलीच्या मागे कागदपत्रांची भानगड आहे, ती इथे परकी आहे, तिला भीती वाटणारच. म्हणजे गेटपाशी ती बाई मला जे म्हणाली, ते सगळं कळून म्हणाली होती. मी मात्र तिच्यासमोर दुभाषी होऊन उभी होते, आणि तेही खोटी.

मग मी विचारलं, काकूंना का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "काकूंना तुमच्याबद्दल वाईट वाटलं असतं. त्या तुमच्यासाठी इतक्या लांबून आल्या होत्या."

म्हणजे मला ठाऊक होतं, त्याला होतं, त्याच्या आईला होतं. एकट्या तुला नव्हतं. की तुलाही होतं? सांगलीला परत जाताना एअरपोर्टवर तू म्हणालीस, स्वतःला फार बोल लावू नकोस. मी ते अभ्यासाबद्दल धरलं. आता कुणाला विचारू?

मार्कसला मी कमिटीचंही विचारलं. तो म्हणाला, पगारापेक्षा मला तेव्हा दोन गोष्टी हव्या होत्या. रविवारचं जेवण आणि आईला एका मॅचला आणायचं भाडं. आणि जखमी झालो तरी शिक्षण पूर्ण करू देतील एवढा शब्द. मी म्हटलं, तीन झाल्या. तो हसला.

आई, आज मी कागद पूर्ण करणार आहे. मानधन द्या, असं लिहीन. पण सगळ्यांना सारखं द्या, पोहणाऱ्या मुलीलाही, नाहीतर जिंकणाऱ्यांच्या पगारासाठी दुसऱ्यांच्या टीम बंद होतील. त्याआधी जखमी खेळाडूची स्कॉलरशिप पदवी मिळेपर्यंत काढता येणार नाही, असा नियम करा. पैसे कमी पडले तर वरून कापा, कोचच्या पगारातून. ते ऐकतील असं मला वाटत नाही. निदान या वर्षी तरी नाही.

आणि एक वचन तुला. कमिटीने नावाशिवाय मत द्यायलाही परवानगी दिली आहे. मी नाव लिहिणार आहे. पहिल्या परिच्छेदात लिहीन की एका भुकेल्या खेळाडूला माझ्या आईने जेवू घातलं, मी माझी जागा वाचवायला ते कळवलं, आणि शिक्षा त्याला झाली. माझ्या सहीने कधीकाळी त्याला बसवलं. या सहीने कुणाला उभं करता आलं तर बघते.

तुझी,
वर्षा