नेब्रास्कातली सही

१४ मे

नाही, मी पोराला बिघडवलेलं नाही. कामाला लावला. बाराव्या वर्षी कापणीच्या कम्बाइन यंत्रावर बसवला. टेक्सासपासून डकोटापर्यंत गहू कापत वर सरकायचं, दर उन्हाळ्यात पाच राज्यं. ह्यात कसलं बिघडवणं?

पेनरबाई येऊन गेल्या. कोर्टाने माझ्या गॅरिटला दिलेली वकील. गॅरिटने इथे कॅन्ससात एका वर्कशॉपमधून वेल्डिंग मशीन उचललं, ते कबूलही केलं. मला वाटलं, वर्ष-दीड वर्षाची शिक्षा होईल. बाई म्हणाल्या, शिक्षा ठरवताना बाहेरच्या राज्यांतले जुने गुन्हेही मोजतात. ओक्लाहोमातली मारामारी, डकोटातली पिकअप गाडीची चोरी, नेब्रास्काची घरफोडी.

मी म्हटलं, ते तिकडचं तिकडे! हद्द ओलांडली की संपलं. आम्ही कापणीवाले सगळे असंच धरून चालायचो.

बाई हसल्या नाहीत.

१५ मे

शेजारची वेल्डा जेवणाचं कॅसरोल ठेवून गेली. दोन दिवस पुरेल. बसते म्हणत होती. बसू दिलं नाही.

१९ मे, रविवार

तुरुंगात भेट. मधे काच, कानाला फोन. गॅरिट एकेचाळीसचा झाला, कानशिलं पांढरी. पहिलं काय विचारलं तर गहू पिवळा पडला का!

मी म्हटलं, तुला काय करायचंय गव्हाशी. तर म्हणतो, "बाबा, टोपी घाला. टकलावर दिवा चमकतोय, गार्ड डोळे चोळतोय."

हसलो. वीस मिनिटांची भेट, बारा मिनिटांत उठलो.

२३ मे

पेनरबाईंनी समजावलं. मारामारी, पिकअप हलक्यात जातील. खरी अडचण नेब्रास्का. फोडलं ते स्पेअर पार्टचं दुकान, पण मालक वरच्या मजल्यावर राहायचा. म्हणून तिथे घरफोडी लागली, आणि इथे ती जड धरतात. ती जड धरली नाही तर तीन वर्षं. धरली तर अकरा.

अकरा! मी एकोणऐंशीचा आहे.

विचारत होत्या, तेव्हा नेब्रास्कात त्याने केस का लढवली नाही? काय सांगू? गहू उभा होता. मागे पावसाचं आभाळ. कापणीच्या टोळीतला कोणी पकडला गेला की आमची एकच रीत: कबुलीवर सही कर, मोकळा हो, ट्रकमध्ये बस. वकील कोणी केला नाही कधी. मीच त्याला म्हटलं होतं, "कर रे सही, उगाच घोळ नको." एकवीस वर्षांचा होता. त्याने केली.

बाईंनी हेही विचारलं, त्या दिवसाचं कोणाला काही माहीत आहे का.

मी नाही म्हटलं.

३ जून

कम्बाइनला ग्रीस केलं. कोणासाठी, विचारू नये. शेड रिकामी असली की रेडिओ फार मोठा वाटतो. बंद केला.

९ जून, रविवार

भेटीला गेलो नाही. गुडघा दुखतोय. गुडघा तेवढा काही दुखत नव्हता.

११ जून

कोर्ट. पेनरबाई चांगल्या बोलल्या: दोन्ही राज्यांचे कायदे सारखे नाहीत, ती घरफोडी इथल्यासारखी धरू नये. जजने ऐकून घेतलं. नेब्रास्काचा कागद उलटला, सही पाहिली. म्हणाले, सही तुझीच ना? गॅरिट म्हणाला, हो.

मग जजने विचारलं, घरच्यांपैकी कोणाला काही सांगायचंय का.

गॅरिटने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मान हलवली, नाही अशी. अगदी थोडी.

मी बसून राहिलो.

अकरा वर्षं. बाहेर आल्यावर वेल्डा माझा हात धरायला लागली. म्हटलं, मला चालता येतं.

१२ जून

नेब्रास्कात त्या दिवशी रविवार होता, दुकान बंद, कम्बाइनचा बेल्ट तुटलेला. कुलूप मी तोडलं. गॅरिट ट्रकमध्ये झोपला होता. शेरीफ आला तेव्हा दुकानातला नवा बेल्ट ट्रकमध्ये सापडला. टोळीचा मुकादम मी; मुकादम आत गेला तर टोळी थांबेल, म्हणून मी त्याला सही करायला लावली.

ह्यावर मी आणखी काही लिहिणार नाही.