तीनशे साठ फेका

मेसन, टेक्सस
गुरुवार, दुपारी तीन

आदरणीय एगॉन काका,

सादर नमस्कार. नवा खुबा कसा आहे? हिल्डा काकू सांगत होत्या की डॉक्टरांच्या मते तो वीस वर्षं कुठल्याही देखभालीशिवाय चालेल. (देखभाल लागत नाही असं सांगून दिलेल्या वस्तूंवर माझा विश्वास नाही, तेव्हा व्यायाम चुकवू नका.) केरविलच्या त्या शुश्रूषागृहातलं जेवण अळणी असल्याची तुमची तक्रार पोचली. काकू उद्या येताना हे पत्र, हरणाचं वाळवलेलं सॉसेज आणि भेंडीचं लोणचं घेऊन येतील. सॉसेज उशीच्या अभ्र्यात लपवू नका, मागच्या वेळी नर्सला ते तिथेच सापडलं. इकडे सगळं ठीक आहे. ओढ्याला पाणी आहे, गुरं बरी आहेत, आणि ओकची फळं यंदा इतकी पडली आहेत की हरणांना आपल्या फीडरांनी फेकलेल्या मक्याची तशी गरज उरलेली नाही. (हे क्लेटनला सांगू नका. त्याने महिनाभरात मांडलेला एवढा एकच मुद्दा बरोबर आहे.)

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही तिसऱ्या वाक्याला "जरा मोठ्यानं बोल गं" म्हणता आणि चौथ्याला फोन ठेवता. शिवाय विषय आकड्यांचा आहे, आणि आकडे लिहिलेले बरे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही क्लेटनला आणि मला कॉटजवळ उभं करून जे म्हणालात ते मी त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं. "तीस दिवस. सहा फीडर. सकाळी साडेसातला एकदा, संध्याकाळी सहाला एकदा. एकही फेक चुकली नाही, तर मक्याच्या शेडची किल्ली वर्लीनची. एक जरी चुकली, तर क्लेटनची." त्यावर क्लेटन म्हणाला, "पप्पा, ही मुलगी हरणांना आधी फॉर्म भरायला लावेल." तुम्ही हसलात. मी हसले नाही, कारण मी गुणाकार करत होते. सहा गुणिले दोन गुणिले तीस, म्हणजे तीनशे साठ. काल संध्याकाळी सहा वाजता ते तीस दिवस पूर्ण झाले. परवा शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो, पाहुणे उद्या रात्रीपर्यंत येतील, आणि किल्ली कोणाची ते त्याआधी ठरायला हवं. म्हणून हे पत्र.

सुरुवातीची परिस्थिती सांगते. तुम्ही एकतीस वर्षं हे फीडर सांभाळलेत, त्याबद्दल मला आदर आहे. तुमच्या बॅटऱ्यांबद्दल नाही. मोजणी सुरू होण्याआधी मक्याच्या सहाच्या सहा पिंपांखालचे, टाइमर, मोटार आणि बॅटरी असलेले डबे उघडले, तेव्हा दोन चालू होते, एक चालू असल्यासारखा होता, आणि तीन बंद होते. दोन नंबरचं सौर पॅनेल उत्तरेकडे तोंड करून होतं. (क्लेटनने बसवलं आहे. विचारल्यावर म्हणाला, "रस्त्यावरून छान दिसतं ना!" सूर्याने आपल्या बाजूला यावं अशी त्याची अपेक्षा असावी.) पाच नंबरचं पॅनेल दक्षिणेकडे होतं, पण बरोबर ओकच्या सावलीत, आणि वर गिधाडांनी जे केलं होतं त्यातून प्रकाश जात नाही. तीन नंबरला सहा व्होल्टच्या बॅटरीवर बारा व्होल्टचं पॅनेल जोडलेलं होतं. ती बॅटरी उन्हात विसरलेल्या डब्यासारखी टम्म फुगली होती, आणि ती बाहेर काढायला मला पत्र्याचा डबाच कापावा लागला. चार नंबरला कंदिलाच्या दोन स्प्रिंगवाल्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या होत्या, एक यंदाची आणि एक बहुधा माझ्या शाळेच्या दिवसांतली. नवी बॅटरी जुनीला सांभाळून घेते, हे तुमचं म्हणणं मी लहानपणापासून ऐकते आहे. नवी सांभाळून घेत नाही, काका. जुनी तिला आपल्याबरोबर खाली नेते.

आता सिमेंटचा प्रश्न. बॅटरी सिमेंटवर ठेवली की फरशी तिच्यातली वीज शोषून घेते, म्हणून शेडमधली प्रत्येक बॅटरी पेकानच्या लाकडाच्या फळीवर ठेवायची, हा आपल्या घरातला नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला जेवताना ऐकून घ्यावं लागतं. मी विजेच्या उपकेंद्रात रोज बॅटऱ्यांचीच खोली सांभाळते. तिथे सिमेंट आहे, आणि अर्ध्या परगण्याचे दिवे चालू आहेत. तरीही वाद नको म्हणून प्रयोग केला. सारख्या वयाच्या दोन बॅटऱ्या घेतल्या, एक फळीवर ठेवली, एक फरशीवर. एकवीस दिवसांनी फरक आला व्होल्टचा शंभरावा भाग, आणि तोही फरशीवरच्या बॅटरीच्या बाजूने. आकडे काकूंना दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते नीट वाचले, मान डोलावली, आणि फरशीवरची बॅटरी उचलून फळीवर ठेवली.

जिभेबद्दलही बोलायला हवं. स्प्रिंगांना जीभ लावून बॅटरी ओळखणं ही तुमची खासियत आहे, हे मान्य. पण काकूंकडून पर्समधून बॅटरी मागवून, ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, नर्ससमोर तिला जीभ लावणं योग्य नव्हतं. (त्या नर्सने तुमच्या कागदांवर काय लिहिलं ते काकूंनी वाचलं आहे. त्या सांगायला तयार नाहीत.) जीभ एवढंच सांगते की बॅटरीत काहीतरी आहे. नुसत्या ठेवलेल्या बॅटरीला मीटर लावलं तरी तेच होतं. कशी आहेस विचारलं तर ती बरी आहे म्हणते, जसं तुम्ही डॉक्टरांना सांगता. खरी विचारपूस काम करताना करायची असते. बटण दाबायचं, मोटार फिरू द्यायची, आणि फेकीच्या त्या सहा सेकंदांत आकडा किती खाली जातो ते पाहायचं. बाराची बॅटरी मोटार फिरताना अकराच्या खाली गेली, की तिला निरोप द्यायचा. कारणं ऐकत बसायचं नाही.

तेव्हा मी काय केलं ते थोडक्यात. (थोडक्यात सांगायचा निश्चय आहे.) सगळीकडे एकाच जातीच्या सीलबंद, पुन्हा भरता येणाऱ्या बॅटऱ्या बसवल्या. पहिल्या तिघांना सहाच्या, पुढच्या तिघांना बाराच्या, आणि प्रत्येकीला तिच्याच व्होल्टचं पॅनेल. प्रत्येक फीडरसाठी दोन बॅटऱ्या, 'अ' आणि 'ब', वर तारीख लिहिलेली चिकटपट्टी. एक पिंपाखाली, दुसरी शेडमध्ये चार्जरवर. पॅनेलं दक्षिणेकडे वळवली, पाच नंबरचं खांबावर चढवून सावलीतून बाहेर काढलं, आणि गिधाडं बसू नयेत म्हणून वर तार ओढली. लाल मुंग्यांना विजेच्या डब्यात घर करायला का आवडतं हे मला माहीत नाही, पण एक नंबरमध्ये त्यांची एवढी वस्ती होती की टाइमरचे दोन्ही संपर्क त्यांनी माती भरून लिंपून टाकले होते. डब्याच्या फटी सिलिकॉनने बंद केल्या. माझ्या दोन्ही हातांना फोड आले, ते आता बरे आहेत. सहा नंबरला एक रॅकून रोज रात्री पायाला लोंबकळून मका उडवणारी चकती हाताने फिरवायचा. बॅटरीवर भार न टाकता मका काढणारा या रानात तो एकटाच होता. त्याच्यासाठी चकतीभोवती जाळीचा पिंजरा बसवला. दुसऱ्या दिवशी तो पिंजऱ्याबाहेर बसून माझ्याकडे बराच वेळ पाहत होता. क्लेटन म्हणाला, "मीटरबाई, त्याला तरी एक फॉर्म द्यायचा."

क्लेटनबद्दल मला तक्रार करायची नाही. तो मनाने वाईट नाही, आणि परगण्याचे रस्ते तो चांगले राखतो. पण त्याला किल्ली हवी आहे ती शेडमध्ये फ्रिज ठेवायला जागा आहे म्हणून. मला का हवी आहे ते एकदाच लिहिते. मोसम उघडला की आपल्या घरात दोन प्रकारची माणसं असतात. एक बंदूक घेऊन मचाणावर जाणारी, आणि दुसरी बटाट्याचं सॅलड करणारी. मला बंदुकीत रस नाही. बटाट्यातही नाही. गेली अकरा वर्षं मी मोसमाच्या पहिल्या दिवशी बटाटे सोलते आहे, आणि खिडकीतून पाहते की तुम्ही पहाटे एकटे ट्रक घेऊन फीडर बघायला निघालात. त्या रानात वर्षभर पुरणारं आणि नेम धरावा लागत नाही असं काम एकच आहे, आणि ते शेडच्या किल्लीबरोबर येतं. ते मला येतं. ते मला हवं आहे.

आता निकाल. प्रत्येक मोटारीच्या तारेवर मी मोजणीचं छोटं यंत्र बसवलं होतं, म्हणजे माझ्या किंवा कोणाच्या शब्दावर विसंबायला नको. रोजच्या नोंदींची वही काकूंकडे दिली आहे. तीस दिवसांत, सहाही फीडरांखाली, तीनशे साठच्या तीनशे साठ वेळा ठरलेल्या मिनिटाला मका जमिनीवर पडला. यापेक्षा अधिक काही लिहायची गरज मला वाटत नाही. तुमचा होकार काकूंजवळ तोंडी दिलात तरी चालेल.

प्रकृतीला जपा. नर्सशी वाद घालू नका. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना नवा.

तुमची पुतणी,
वर्लीन

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. मी 'मका जमिनीवर पडला' असं लिहिलं आहे, 'फीडरने फेकला' असं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. मोजणीच्या यंत्रांची बेरीज तीनशे एकोणसाठ येते. एकोणिसावा दिवस, शनिवार, सकाळ, चार नंबर. आदल्या संध्याकाळी तिथली 'अ' मोटार फिरताना अकराच्या खाली गेली होती, म्हणून शेडमधली 'ब' घेऊन सव्वासातला पोचले. ओढ्यात चिखल होता, गाडी फाटकाशीच ठेवून दहा मिनिटं चालत गेले. 'अ' काढली, 'ब' जोडली, मीटर लावलं, तर दहा पूर्णांक एक. भरलेली बॅटरी रातोरात एवढी उतरत नाही. तेवढ्यात कुंपणापलीकडच्या रस्त्यावर क्लेटनचा ट्रक थांबला. हातात नाश्त्याचा टाको. त्याने माझ्या हातातली बॅटरी पाहिली आणि टाको चावायचा थांबला. शुक्रवारी शाळेचा फुटबॉलचा सामना होता. रेडिओ आणि दिव्यांची माळ चालवायला त्याने शेडमधून तीच नेली होती, आणि परत आणून, चिकटपट्टी समोर येईल अशी, नीट फळीवर ठेवली होती. चार्जरवर नव्हे. फळीवर. (काळोखात मी चिकटपट्टी वाचली, वायर पाहिली नाही. ती चूक माझी.) मग 'अ' परत लावली, तर चकती अर्धा वळसा फिरून थांबली.

सात मिनिटं उरली होती. क्लेटन ओरडला, "वर्ले, माझ्याकडे ट्रकच्या बॅटरीला जोडायच्या तारा आहेत. ट्रक कुंपणाला लावू का?" मी म्हटलं, "नको." त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हटलं. कारण मग ती फेक त्याची झाली असती. साडेसातला मी पिंपाखालून कॉफीच्या डब्यात मका काढला आणि हाताने फेकला. मोजून सहा सेकंद. फीडर चारी बाजूंना फेकतो, म्हणून स्वतःभोवती गोल फिरत फेकला. झाडीच्या कडेला तीन माद्या उभ्या होत्या. त्या पळाल्या नाहीत. नंतर येऊन त्यांनी खाल्लाही. क्लेटन एवढा हसला की टाको खिडकीतून खाली पडला. मग म्हणाला, "अगं, चकती डावीकडे फिरते, तू उजवीकडे फिरलीस!" हे खरं आहे. तारा उलट जोडल्या तर मोटारही उजवीकडे फिरते आणि मका तितकाच पडतो, तेव्हा हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या टिकत नाही.

ता. क. २. क्लेटनने हे अजून कोणाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर रेडिओचंही सांगावं लागेल. मी सांगितलं नसतं तर तुम्हाला कधीच कळलं नसतं. म्हणून सांगते आहे. वहीत त्या रकान्यात मी 'हाताने' असं लिहिलं आहे. तेव्हा माझी खरी विनंती ही. तुमचे शब्द होते, "एकही फेक चुकली नाही, तर." फेक चुकली की फीडर चुकला, एवढं तुम्ही ठरवा. शांतपणे ठरवा, माझ्याकडे पाहू नका, आकड्यांकडे पाहा. निर्णय काहीही असला तरी मी तो मानेन.

ता. क. ३. मानेन असं लिहिलं आहे, तर हेही लिहायला हवं. शेडचं कुलूप गंजून घट्ट झालं होतं. सोमवारी मी ते काढून नवं लावलं. त्याची किल्ली एकच आहे, आणि शनिवारी सकाळी सहा वाजता ती फीडर बघायला निघणार आहे. काकूंच्या पर्समध्ये जी जुनी किल्ली आहे, ती तुम्ही क्लेटनला खुशाल द्या.